आपण नावाची मुलगी

फरशी पुसायच्या फडक्याचा वास कधी जात नाही. कितीही पिळा, कितीही उन्हात टाका, आंबूसपणा राहतोच, आणि तो नाकात घेऊन मी रोज पाच तास शिकवते. आमच्या वर्गाची खोली पूर्वी खेळाचं सामान आणि झाडू ठेवायची होती. झाडू, बादल्या आणि फडकी अजून कोपऱ्यात उभी आहेत. हवा गेलेले सात चेंडूही आहेत. बदललं एवढंच, की दारावर सोनेरी अक्षरांत 'स्वागत कक्ष' अशी पाटी लागली. खिडकीची फुटकी काच तशीच राहिली. मी शिपाई काकांना त्याबद्दल विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "बाई, पाटी बाहेरच्यांना दिसते. काचेतून वारा आतल्यांना लागतो. मग आधी काय होणार, तुम्हीच सांगा."

आमच्या शहरात गेल्या काही वर्षांत दुसऱ्या देशांतली माणसं येऊन राहिली आहेत. कुणी कामासाठी आलं, कुणी जीव वाचवून आलं. त्यांची मुलं शाळेत यायला लागली. त्यांच्यासाठी नियम असा आहे की सहा महिने माझ्या वर्गात बसून आपली भाषा शिकायची, मग वरून येणाऱ्या साहेबांसमोर तोंडी परीक्षा द्यायची, आणि पास झालं की आपल्या वयाच्या वर्गात जाऊन बसायचं. नियम चांगला आहे. फक्त पहिल्या दोन वर्षांत माझ्या वर्गातून एकही मूल बाहेर पडलं नाही. दर वेळी आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, साहेबांना चहा पाजतात आणि गोड आवाजात सांगतात, "अजून तयार नाहीत हो लेकरं. घाई कशाला?"

घाई का नको, ते मला माहीत आहे. फाटकावर दुसरी एक पाटी आहे, 'शंभर टक्के निकाल'. माझी मुलं वरच्या वर्गांत गेली आणि दोघं-तिघं नापास झाली, तर ती पाटी उतरवावी लागेल. म्हणून ती दोन वर्षं फडक्यांच्या शेजारी बसून राहिली. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, हे आमच्या शाळेत फाटकापासूनच सुरू होतं.

मोठ्या बाईंची मला किळस येते. हे मी लिहून टाकते, कारण तोंडावर बोलायची माझी कधी छाती झाली नाही. मी हंगामी शिक्षिका आहे. दर वर्षी माझा कागद नवा होतो आणि त्यावर त्यांची सही लागते. पाहुणे आले की त्या माझ्या वर्गात येतात, समोरच्या मुलाच्या केसांवरून हात फिरवतात आणि म्हणतात, "ही सगळी आपली लेकरं." पाहुणे वळले की पर्समधून सुगंधी ओला कागद काढून तोच हात पुसतात, एकेक बोट करून. आणि शिक्षकांच्या खोलीत याच लेकरांना त्या 'खोलीतली' म्हणतात. "खोलीतल्यांना आज लवकर सोडा." आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं लोक म्हणतात. या बाईंनी तर एकाच मुलाला समोर बाब्या आणि मागे कार्टं करून दाखवलं.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. सामानाची खोली असल्यामुळे त्या दाराला कडी बाहेरून आहे. दर सोमवारी सकाळी अख्खी शाळा मैदानात उभी राहून शाळेचं गाणं म्हणते. आमच्या मुलांना ते गाणं येत नाही आणि रांगेत ती इकडेतिकडे बघतात, म्हणून मोठ्या बाईंनी सांगितलं की गाणं होईपर्यंत त्यांना आत ठेवा. आत ठेवलं तर ती दारात येऊन डोकावतात. मग कडी लावा, असं ठरलं. कडी मीच लावायचे. दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे, असं मी स्वतःला सांगायचे, आणि मैदानात जाऊन सगळ्यांबरोबर गायचे.

ती मुलगी गेल्या वर्षी सुट्टी संपल्यावर आली. वय बारा, अंगात कुणाचातरी मोठा गणवेश, बाह्या दोनदा दुमडलेल्या. बरोबर तिची आई होती. आई धुलाईच्या कारखान्यात चादरींना इस्त्री करते. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग आहेत. आईला भाषा अजिबात येत नव्हती. तिने पिशवीतून मुलीचं तिकडच्या शाळेचं प्रगतिपुस्तक काढलं, माझ्यासमोर ठेवलं, आणि सात बोटं वर केली. मुलीची सहावी झाली होती. तिला सातवीत बसवायचं होतं. अक्षरं मला कळली नाहीत, पण आकडे कुठेही वाचता येतात, आणि गणितासमोरचा आकडा मी आमच्या सातवीत कुणाच्या नावापुढे पाहिलेला नाही.

मोठ्या बाईंनी ते पुस्तक दोन बोटांत धरून परत दिलं. "आम्हाला कुठे वाचता येतंय हे? सहा महिने तुमच्याकडे बसू दे. मग बघू."

मुलीचं खरं नाव पटावर आहे. जरा लांब आहे, मध्ये एक असा आवाज आहे जो आपल्याकडे नाही. सगळ्यांनी दोन-दोनदा चुकीचं उच्चारलं आणि सोडून दिलं. मीही त्यातच आले. पुढे तिला नाव मिळालं ते तिच्या एका चुकीवरून.

आपल्या भाषेत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. समोरच्याला धरून बोलायचं तर आपण, त्याला सोडून बोलायचं तर आम्ही. पाळण्यातलं पोरही यात चुकत नाही. तिच्या भाषेत मात्र या दोन्हींना एकच शब्द आहे. आणि आपल्याकडचा 'आपण' आधीच वात्रट. पाहुण्याला आपण बसावं म्हणायचं, आणि गल्लीतला दादा म्हणतो, आपण कुणाला घाबरत नाही. तिला दोनपैकी एक शब्द निवडायचा होता. जो जास्त प्रेमाने बोलला जातो असं तिला वाटलं, तो तिने उचलला.

मग ती सगळ्यांना सांगायला लागली, "आपण दूरच्या देशातून आलो. आपली आई चादरींना इस्त्री करते. आपला लहान भाऊ रात्री रडतो." सातवीतल्या पोरी हसून लोळल्या. एक म्हणाली, "अगं, तुझी आई माझी कधी झाली? मला नाही करून दिली कधी इस्त्री." दुसऱ्या दिवसापासून तिचं नाव पडलं आपण. "ए आपण, इकडे ये." "आपणची वही कुठे आहे?" "आपणला बाईंनी बोलावलंय." शिक्षकही म्हणायला लागले. तोंडात बसायला सोपं होतं.

तिला ते टोपणनाव मनापासून आवडलं होतं. सगळे मिळून जे होतं ते नाव आपल्याला मिळालं, असं तिला वाटत होतं. तिने वहीच्या पहिल्या पानावर, खऱ्या नावाच्या खाली, वळणदार अक्षरांत लिहिलं, आपण. घरी जाऊन आईलाही तिने हाच शब्द शिकवला. आईने कारखान्यात मुकादमाला सांगितलं, "आपण दमलो." मुकादम म्हणाला, "मी नाही दमलो. मी सकाळपासून बसून आहे." पुढचा आठवडाभर चादरी घड्या करणाऱ्या बायका एकमेकींना तेच सांगून हसत होत्या. ही गोष्ट मला मुलीनेच आनंदाने सांगितली, की तिची आई कारखान्यात सगळ्यांना हसवते.

मधल्या सुट्टीत सातवीच्या मुली व्हरांड्यात दोरीवर उड्या मारायच्या. ही रोज जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहायची. एक पाऊल पुढे, हात थोडे उचललेले, दोरीच्या तालावर मान हलवत. मी विचारलं, "काय गं, खेळली नाहीस?"

"माझी खेळायची पाळी उशिरा येते, बाई," ती म्हणाली. "उद्या येईल."

ती मला असं किती वेळा म्हणाली असेल, मी मोजलं नाही.

अभ्यासात ती वाऱ्यासारखी पुढे गेली. चौथ्या महिन्यात ती माझ्या इतर दहा मुलांना अपूर्णांक शिकवायला लागली, खडूचे तुकडे करून. सातवीचं पुस्तक तिने दोनदा वाचून काढलं. सहा महिने भरत आले तसं मी मोठ्या बाईंना स्पष्ट सांगितलं, निदान मला तेव्हा वाटलं की स्पष्ट सांगितलं, की या मुलीला साहेबांसमोर उभं करायचं. या वेळी राहिली तर अख्खं वर्ष जाईल, आणि पुढच्या वर्षी वय जास्त झालं म्हणून तिला सातवीत घेणारच नाहीत. तिला शिवणकामाच्या वर्गात पाठवतील आणि तिथून ती आईच्या शेजारी इस्त्रीला उभी राहील.

मोठ्या बाई म्हणाल्या, "ठीक आहे. पण आधी ती स्वागताचं भाषण करेल. चार ओळी मी लिहून देते. तिच्याकडचा पोशाख घालून. फोटो काढायचेत. परीक्षेचं मग बघू."

भाषण त्यांनी लिहून दिलं. "आपली शाळा हे आपलं घर आहे. आपण सगळे एक आहोत. आपल्याला इथे काही कमी नाही. आपण सदैव ऋणी राहू." एवढ्या आपणांची मला शिसारी आली. पोशाखही त्यांनीच शिंप्याकडून शिवून आणला, कुठल्यातरी चित्रांच्या पुस्तकात बघून. लाल, चमचमता, कमरेला झालर. मुलीने तो उलगडला आणि पटकन घडी करून परत ठेवला.

"हा आपल्याकडचा नाही, बाई," ती म्हणाली. "हा शेजारच्या देशातला. ज्यांनी आपलं घर जाळलं, त्यांच्या बायका घालतात."

मी मोठ्या बाईंना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "कुणाला कळणार आहे?"

भाषण पाठ करून घेताना मला एक भीती वाटली. साहेब भाषेचे कडक आहेत, असं सगळे सांगत होते. कागदावरच्या ओळी ती बिनचूक म्हणेल, पण त्यानंतर साहेबांनी दोन प्रश्न विचारले, आणि ती म्हणाली, आपली आई इस्त्री करते, की संपलं. मोठ्या बाईंना तेच हवं असणार. ही चूक सहा महिने मी चालू दिली होती, कारण ती ऐकायला गोड वाटायची. गोड वाटतं म्हणून चुकू देणारी मास्तरीण तीही मीच. त्या दुपारी मी इतर मुलांना बसवलं आणि फरशीवर खडूने मोठं रिंगण काढलं.

मी तिला आत घेतलं आणि स्वतः तिच्याजवळ उभी राहिले. "आता तू माझ्याशी बोलतेस. मी रिंगणात आहे. मग काय म्हणशील?"

"आपण."

मी दोन लहान मुलांना तिच्याजवळ उभं केलं आणि स्वतः रिंगणाच्या बाहेर आले. "आता तुम्ही तिघं आत. मी बाहेर. तू माझ्याशीच बोलतेस. आता आपण नाही. आता म्हणायचं, आम्ही. ज्याच्याशी बोलतेस तो रिंगणाबाहेर असेल तर आम्ही."

तिला एका क्षणात कळलं. गणितातली मुलगी ती. आम्ही दहा वाक्यं केली, वीस केली, एकही चुकलं नाही. आमची आई. आमचं घर. आम्ही दूरच्या देशातून आलो. मी खूश झाले. मी खडू ठेवून हात झटकत होते, तेव्हा ती अजून रिंगणाकडेच बघत होती.

"बाई, सातवीच्या मुली मला म्हणतात, आम्ही खेळतोय."

"बरं."

"मी जाऊन उभी राहिले की म्हणतात. रोज. आम्ही खेळतोय." तिने रिंगणाच्या रेषेवर बूट ठेवला. "मला वाटायचं, त्या मला सांगतात की चल, सगळे खेळतोय."

मी म्हणाले, "अगं, सवयीने बोलतात मुली. मनावर नाही घ्यायचं." असलं काहीतरी पुचाट. ती हो म्हणाली, जागेवर जाऊन बसली, आणि तिने वही उघडली. नंतर मी पाहिलं, तेव्हा पहिल्या पानावरचं टोपणनाव खोडरबराने इतकं घासलेलं होतं की कागदाला भोक पडलं होतं. मधल्या सुट्टीत ती पुन्हा कधी व्हरांड्यात गेली नाही. खोलीतच बसायची, चेंडूंच्या शेजारी.

तोंडी परीक्षेचा दिवस सोमवार होता. सकाळी मोठ्या बाईंनी मला बजावलं, "साहेब गाणं झाल्यावर येतील. तोपर्यंत खोलीतली आत." मी कडी लावली. लावताना ती आतून माझ्याकडे बघत होती. तिने लाल पोशाख घातला नव्हता. तिच्या अंगात तिचाच गणवेश होता, पण आईने तो कारखान्यात नेऊन असा इस्त्री केला होता की घडीवर बोट ठेवलं तर कापेल. पोशाख कुठे आहे, असं मी विचारलं, तर म्हणाली, "आईने पिशवीत ठेवलाय. परत द्यायला."

गाणं संपताच मी जाऊन कडी काढून आले. साहेब आले. उंच, वाळलेले, शर्टाच्या खिशात लाल पेन. ते माणसांकडे बघत नाहीत, अक्षरांकडे बघतात. मैदानात मोठा फलक लावला होता, 'हार्दीक स्वागत'. साहेब फलकाजवळ थांबले, पेन काढलं, दी ऱ्हस्व केली आणि मगच मोठ्या बाईंचा नमस्कार घेतला. शिपाई काका माझ्या कानाशी म्हणाले, "बाई, हा माणूस स्वतःच्या तेराव्याची पत्रिकाही तपासून जाईल."

मोठ्या बाईंनी साहेबांना स्वागत कक्षात आणलं. सातवीच्या वर्गातल्या चार मुली फुलं घेऊन मागे उभ्या होत्या, त्याच, दोरीवाल्या. मुलीला गणवेशात पाहून मोठ्या बाईंचे ओठ आवळले, पण फोटोवाला समोर होता म्हणून त्या हसल्या. "साहेब, ही आपली लेकरं."

साहेब सगळ्यांशीच, लहान मुलांशीसुद्धा, पुस्तकी बोलतात. ते मुलीकडे वळून म्हणाले, "आपण कुठून आलात?"

ती गोंधळली. मागून एका सातवीवालीने तोंडावर हात धरला. मुलीने साहेबांकडे नीट बघून घेतलं, मग स्वतःकडे बोट केलं. "आम्ही दूरच्या देशातून आलो, साहेब. तुम्ही कुठून आलात ते मला माहीत नाही."

साहेब मोठ्याने हसले. मला वाटतं वर्षभरात पहिल्यांदाच. "वा. बरोबर उत्तर. बोला, भाषण करा."

ती पुढे आली. हात मागे बांधले. मला चारही ओळी पाठ होत्या, मी मनातल्या मनात तिच्याआधी म्हणत होते, आपली शाळा हे आपलं घर आहे.

"तुमची शाळा मोठी आहे," ती म्हणाली. "आमची खोली लहान आहे. तुम्ही सोमवारी मैदानात गाणं म्हणता. तेव्हा आम्ही आत असतो आणि कडी बाहेरून असते. गाणं आम्हाला भिंतीतून ऐकून येतं, सगळं पाठ आहे. तुमच्या मुली दोरीवर उड्या मारतात. त्या म्हणतात, आम्ही खेळतोय. मला वाटायचं, आपण खेळतोय. आता मला फरक कळतो. मला सातवीत बसायचं आहे."

सातवीच्या मुलींपैकी जी सगळ्यात पुढे असायची, ती फुलांच्या देठाला कुरतडत होती. मोठ्या बाईंच्या गळ्याजवळ लाल डाग उठले होते, त्यांनी पर्स उघडली आणि बंद केली. "साहेब, हे तिला कुणीतरी शिकवलेलं दिसतंय. आम्ही तर तिच्यासाठी पोशाखसुद्धा शिवून..."

साहेबांनी हात वर केला. ते दाराकडे गेले, कडी बोटाने हलवली, आणि माझ्याकडे वळले. "बाई, वर्गशिक्षिका तुम्ही ना? ही कडी लावता तुम्ही मुलांवर?"

मोठ्या बाई माझ्याकडे बघत होत्या. माझा कागद पुढच्या महिन्यात नवा व्हायचा होता. मुलगीही माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या मागे ती दहा मुलं, ज्यांना सकाळी मीच आत घातलं होतं. साहेबांना त्या कडीचं काहीतरी करायचं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. एक शब्द पुरला असता.

"सामानाची खोली होती ना, साहेब, म्हणून बाहेरून आहे," मी म्हणाले. "लावत नाही आम्ही."

लावत नाही आम्ही. कुणी विचारलं नसताना मी तो आम्ही लावला, आणि मोठ्या बाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिले. माझ्याच तोंडाची मला इतकी घाण आली की थुंकावंसं वाटलं. मुलीने डोळे खाली केले. तिथे फरशीवर खडूचं रिंगण अजून पुसट दिसत होतं. कुणी नीट पुसलं नव्हतं.

"मग ठीक," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांनी लाल पेन काढलं. "पण काय भाषा आहे, मोठ्या बाई. आपण आणि आम्ही. आमच्या कचेरीतली पदवीधर मंडळी हा फरक लिहिताना चुकतात, आणि ही सहा महिन्यांत एकही चूक न करता बोलते. अर्थबिर्थ काही असो, व्याकरण चोख आहे. कुठे आहे तिचा कागद?"

कागद माझ्याच हातात होता. त्यांनी भिंतीला लावून सही केली. सातवी, आजपासून. मोठ्या बाईंनी अभिनंदन केलं, तिच्या केसांवरून हात फिरवला, फोटोवाल्याने तो क्षण घेतला. साहेब चहाला गेले, आणि मोठ्या बाई बोटं पुसत त्यांच्या मागे.

तिला सातवीच्या वर्गात नेऊन सोडायचं काम माझं. मी तिचं दप्तर उचललं, तिने ते माझ्याकडून काढून घेतलं. व्हरांडा रिकामा होता, दोरी कठड्यावर टांगलेली. आत वर्गशिक्षक हजेरी घेत होते. मला काहीतरी बोलायचं होतं. सहा महिने मीच तिला वाचायला शिकवलं होतं, अपूर्णांकांसाठी खडू चोरून आणले होते, कागद पुढे रेटला होता. मला वाटलं, निदान त्यातलं थोडं माझं आहे. संध्याकाळी तिची आई सात बोटं वर करून हसेल, त्यात माझंही थोडं असेल.

दारात मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "बघ, शेवटी जिंकलो की नाही आपण?"

ती थांबली. माझ्याकडे वळून पाहिलं, रागाने नाही. एखादं वाक्य चुकलं की मी तिच्याकडे जशी बघायचे, तशी.

"आम्ही, बाई," ती म्हणाली. "आम्ही जिंकलो."

आत सरांनी तिला नाव विचारलं. तिने खरं नाव सांगितलं, मधल्या त्या अवघड आवाजासकट, आणि सरांना दोनदा म्हणायला लावलं. मी दारातच उभी होते. वाक्य अगदी बरोबर होतं. दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतं.